फेअर वही

दसरा होऊन गेला तरी पाऊस हटत नव्हता. सोनिवलीत नव्या टॉवरांच्या पाठीमागे राजरत्नच्या घरचं एक खाचर उरलं होतं. भात पिवळंधमक झालं होतं. दोन दिवस ऊन पडू दे, मग कापायला घेऊ, असं त्याची आई गयाबाई रोज म्हणायची. आणि एका संध्याकाळी वाऱ्यासकट असा पाऊस आला, की सकाळी बघतात तर सगळं पीक आडवं. म्हशी लोळून गेल्यासारखं. लोंब्या पाण्यात पडल्या होत्या आणि दाण्यांची टोकं फुगायला लागली होती. तसंच पडू दिलं असतं तर शेतातच कोंब फुटले असते.

मजूर मिळेना. गावातले धडधाकट हात टॉवरच्या स्लॅबवर गेलेले. राजरत्न बदलापूरच्या एमआयडीसीत कंत्राटावर होता. एक खाडा झाला की त्याच्या मशीनवर दुसरा माणूस उभा राहायचा. मग त्याची बायको भावना आणि गयाबाई, दोघीच विळे घेऊन चिखलात उतरल्या.

उभ्या भाताला मूठ घालायची आणि विळा ओढायचा, हात आपोआप चालतो. आडव्याचं तसं नाही. आधी ते चिखलातून सोडवायचं, झटकायचं, सरळ करायचं आणि मग कापायचं. दुपारपर्यंत भावनाच्या कमरेत खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. मनगटापासून कोपरापर्यंत पात्यांचे बारीक ओरखडे उठायचे आणि घाम त्यांच्यात शिरला की आग आग व्हायची. गयाबाई मात्र वाकली की वाकलेलीच. मधूनच सुनेकडे न बघता म्हणायची, "वर बघू नको. वर बघितलं की खाचर मोठं दिसतं."

त्या दिवशी दुपार कलली तेव्हा भावना ओला भारा डोक्यावर घेऊन घराकडे आली. खाचराच्या कडेलाच घर, पुढे पत्र्याची पडवी. पडवीत कागद फाटल्याचा आवाज झाला.

तिची मुलगी पाटावर वही ठेवून बसली होती. शाळेच्या हजेरीत संबोधी, घरात चिमी. टॉवरांच्या सावलीतल्या इंग्रजी शाळेत पाचवीला. अंगात अजून युनिफॉर्म, शेजारी दूध तसंच, वर साय धरलेली.

"काय फाडलंस गं?"

"काही नाही."

मांडीखालून कागदाची कड दिसत होती. भावनाने भारा उतरवला आणि बघितलं. चांगली आठ-दहा पानं होती, सगळी चौकोनी घडी घालून एकावर एक. फाडलेले कागदसुद्धा पोरीने नीट रचून ठेवले होते.

"एवढी?" भावना पुढे वाकली. तिच्या केसांतून पाण्याचा एक थेंब सुटला आणि नेमका वहीवर पडला. निळी शाई फुटून पसरली.

भावनाला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. चिमीने पेनाला टोपण लावलं. ओलं पान मुळापासून हलक्या हाताने फाडलं. मग वहीच्या पुढच्या भागात जाऊन एक सुटलेलं पान ओढून काढलं. दोन्ही बाजू लिहिलेल्या, मोत्यासारखं अक्षर. त्याचीही घडी घातली. टोपण काढलं आणि परत तारखेपासून लिहायला लागली.

"अगं, ते दुसरं तर चांगलं होतं की."

"ते सुटतं, मम्मी. एक फाडलं की त्याच्या जोडीचं सुटतं. सुटलेलं पान चालत नाही."

"मिस म्हणाल्या चालत नाही?"

चिमीने मान वर केली नाही. "मला चालत नाही."

चौथीपर्यंत हे नव्हतं. तेव्हा पेन्सिल होती. चुकलं की खोडरबर फिरवायचं. पाचवीला पेन आलं आणि चूक कागदावरच राहायला लागली. त्यात सहामाही झाल्यावर इरा मिसनी वर्गातून चिमीची वही निवडली. दिवाळीच्या सुट्टीआधी पालकसभा असते, त्या दिवशी हॉलमध्ये टेबलावर चांगल्या वह्या मांडतात. सगळ्या धड्यांची प्रश्नोत्तरं नव्या वहीत उतरवून काढायची, तिला शाळेत फेअर वही म्हणायचे. इरा मिसनी चिमीच्या एका पानाचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला, खाली टाळ्या वाजवणारे हात. त्या दिवसापासून पोरीचं जेवण कमी झालं. सकाळी ब्रश करताना तिला उमासे यायचे. रात्री झोपेत तिची बोटं चादरीवर चालायची.

राजरत्न सुटून आला की आधी हात धुवायचा. कंपनीतल्या तेलाचा वास जात नसे म्हणून दोनदा धुवायचा, पुसायचा, आणि मग वही हातात घ्यायचा. त्या दिवशीही घेतली. पानाच्या फक्त कडेला बोट लावून त्याने ती उलटली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, तो त्याच्या डोक्याच्या बरोबर वर यायचा.

"बघ आई," तो गयाबाईला म्हणाला. "छापल्यासारखं आहे की नाही?"

"मला काय कलतंय त्यातलं," गयाबाई भाकरी मोडत म्हणाली. "पन सोभतंय."

"ह्या टॉवरमध्ये डॉक्टरांची पोरं आहेत, इंजिनिअरची आहेत. आणि टेबलावर वही कुणाची? आपली." त्याने 'आपली' असं म्हटलं की भावनालाही भरून यायचं. राजरत्न बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाला होता. पुढे वडील वारले आणि कंपनी आली. ते सगळं त्या एका शब्दात असायचं.

चिमी भातात बोट फिरवत होती. डाव्या हाताने उजवं मनगट दाबत होती.

"पोटात दुखतंय," ती म्हणाली.

"मग आज बस कर," भावना म्हणाली. "जेव आणि झोप. उरलेलं उद्या."

"उद्याचं उद्या आहे ना! आजचं आज संपवायला पाहिजे."

"काही बिघडत नाही, बाळा. एवढ्याने काय—"

"मम्मी, तुला इंग्लिश कळत नाही ना? मग तू कशाला बोलतेस?"

"असं बोलायचं नाही हं," राजरत्न म्हणाला. पण त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात कौतुक होतं, ते भावनाला दिसलं. बेलवलीच्या शाळेत ती दहावी झाली होती, मराठीला वर्गात पहिली आली होती. ते आता कुणाला सांगायचं? ताट उचलून ती मोरीकडे गेली. राख लागताच हातावरच्या ओरखड्यांची आग झाली. तिने जास्तच जोरात घासलं.

दोन दिवसांनी आभाळ उघडलं. दोघींनी जोर लावला. शाळा सुटल्यावर चिमी चहाची किटली घेऊन बांधावर आली, तेव्हा अर्धं खाचर मोकळं झालं होतं. कापलेलं भात बांधावर उन्हात पसरलं होतं. चिमी चहा देऊन त्या पेंढ्यावर टेकली, पाच मिनिटं म्हणून. गयाबाईने बशी खाली ठेवेपर्यंत तिची मान कलंडली होती.

"चिमे, हितं किडंमुंगी असतंय," गयाबाईने हलवलं. पोर हलेना. पापणीही थरथरली नाही. तोंड उघडं, हात पसरलेले, बोटावर पेनाचा घट्टा काळानिळा पडलेला. अशी झोप भावनाने आवणीच्या, भातलावणीच्या दिवसांत बायकांना लागलेली बघितली होती. दहा वर्षांच्या पोरीला लागलेली कधी बघितली नव्हती.

"निजू दे," गयाबाई म्हणाली. तिने डोईवरचा पदर सोडला आणि पोरीच्या तोंडावर ऊन येऊ नये असा धरून थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग परत कापायला वाकली.

सूर्य टॉवरच्या मागे गेला आणि खाचरावर सावली आली तेव्हा चिमी दचकून उठली. आधी तिला काही समजेना. मग तिने आभाळाकडे बघितलं.

"किती वाजले? मम्मी! मला उठवलं का नाही? का नाही उठवलं?"

ती धावत सुटली. ओल्या बांधावरून पाय घसरला, गुडघ्यावर पडली, उठली, परत धावली. भावना मागून पोचली तेव्हा पोर पडवीत भिंतीला टेकून बसली होती आणि मुठीने स्वतःच्या कपाळावर मारत होती. एकेक शब्द म्हणत होती आणि मारत होती.

"स्टुपिड. स्टुपिड. स्टुपिड."

भावनाने तिची दोन्ही मनगटं धरली. चिखलाच्या हातांनीच. मनगटं एवढीएवढीशी, आणि त्यांच्यात केवढा जोर! पोरीचं अंग तापातल्यासारखं कापत होतं, पण ताप नव्हता.

"सोड! मला लिहायचंय!"

"नाही लिहायचं."

"सोड मला!" आणि चिमीने आईच्या हाताला चावा घेतला. अंगठ्याच्या मुळाशी, दात रुतेपर्यंत. भावनाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने हात सोडले नाहीत.

राजरत्न दारात आला तो हेच बघत. भावनाने सगळं सांगितलं. तो चपला न काढताच मुलीपुढे बसला.

"रडायचं नाही. मी आहे ना? पहाटे उठवतो तुला. मी बाजूला बसतो, तू लिही. होऊन जाईल सगळं."

"पहाटे नाही," भावना म्हणाली.

"अगं, थोडेच दिवस राहिलेत."

"तिने स्वतःला मारून घेतलं. तुम्ही बघितलं नाही, मी बघितलं. कपाळ बघा तिचं."

"म्हणून काय लिहिणं बंद करायचं?" त्याचा आवाज चढला. "आपल्या घरात? ह्या घरात पोरीला सांगायचं, लिहू नको म्हणून?"

भावनाच्या मनातही तीच भीती होती. वही मिटायला सांगणारी बाई आपण कशा झालो, हेच तिला उमगत नव्हतं.

गयाबाई पायरीवर बसून पायाचा चिखल काडीने काढत होती. ती म्हणाली, "राजा, तुजा आजा पाटलाच्या दारात लाकडं फोडायचा. अंगात ताप असला तरी. नाय म्हनायची सोय नव्हती. वेठ म्हनायचे तिला."

"त्याचं इथे काय, आई?"

"ती आपन मोडली ना? मग ही पोर मनगट दाबून लिवतेय ती काय हाय?"

"शिक्षण आहे ते!"

"शिका म्हटलंय," गयाबाई म्हणाली. "वेठ करा असं कुनी म्हटलेलं नाय."

राजरत्नने बाबासाहेबांच्या फोटोकडे बघितलं नाही. तो उठला, चपला काढल्या आणि हात धुवायला गेला. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. चिमी आईच्या मांडीवर हुंदके देत होती. हुंदके लांबत गेले आणि तशीच, न जेवता, ती झोपली.

सकाळी भावनाने विळा गयाबाईच्या हातात दिला, साडी बदलली आणि शाळेत गेली. गेटवर हिंदुराव वॉचमन होता. त्याने तिच्या भेगाळलेल्या टाचा बघितल्या, अंगठ्याला बांधलेली चिंधी बघितली.

"हाऊसकीपिंगवाल्यांनी मागच्या गेटने जायचं, बाई."

"मी पालक आहे."

"कुणाच्या?"

"संबोधीच्या. पाचवी. तिची वही तुमच्या टेबलावर लागणार आहे, तिच्या."

हिंदुराव वरमला, पण बसवून ठेवायचं तेवढं त्याने बसवून ठेवलंच. बाकावर भावनाच्या शेजारी ओढणीची, अत्तराचा वास येणारी एक आई येऊन बसली आणि जरा सरकून बसली. भावना सरकली नाही.

इरा मिस चोवीस-पंचवीसची मुलगी होती. टेबलावर वह्यांचे दोन डोंगर, त्यांच्या मधून तिचा चेहरा. डोळ्यांखाली काळं.

"मी तिला कधीच फोर्स नाही केलं हो, मॅम," सगळं ऐकून ती घाबरून म्हणाली. "उलट सगळ्यांना सांगते, संबोधीसारखं लिहा. शी इज माय बेस्ट."

"तेच तर झालंय."

"मग तिची वही डिस्प्लेतून काढू का?"

"ठेवा नाहीतर काढा, तुमची मर्जी. मी दोनच गोष्टी सांगायला आले. ती ह्यापुढे पान फाडणार नाही. चुकलं तर खाडाखोड दिसेल. आणि संध्याकाळी आमच्या पडवीतला बल्ब लागला की तिची वही बंद. राहिलं तर राहिलं."

इरा मिस पेनाचं टोक चावत राहिली. "इनकम्प्लीट राहिलं तर मला डायरीत रिमार्क द्यावा लागतो. लाल पेनाने. सगळ्यांना देते. तिला सोडलं तर ग्रुपवर लगेच विचारतील बाकीचे."

"द्या."

"मॅम, ती खूप रडेल. तिला आजपर्यंत एकपण नाही मिळाला."

"घरी रोज रडते," भावना म्हणाली. "ते तुम्हाला दिसत नाही. इथे एकदा रडू दे. तुम्ही बघा."

इरा मिसने नजर खाली घातली. "मी पण घरी नेऊनच तपासते ह्या," ती वह्यांकडे बघत पुटपुटली. भावनाला तिची कीव आली. पण ती आपला शब्द मागे घ्यायला आली नव्हती. ती उठली.

गेटबाहेर पडल्यावर मात्र ती मध्येच थांबली. ज्या गोष्टीला पोर एवढी भिते, तीच आपण तिच्यासाठी मागून आलो. कुठली आई असं करते? रस्त्याच्या कडेला सिमेंटच्या पाइपवर ती जरा टेकली. मग विळ्याची आठवण झाली आणि उठली.

चिमीला तिने त्याच दुपारी सांगून टाकलं. लपवलं नाही. पोरीचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल.

"तू स्वतः सांगितलंस मिसला? मला रिमार्क द्या म्हणून?"

"हो."

"तू माझी मम्मी नाहीस." आणि तिने पाठ फिरवली.

भावना तिच्या बाजूला जाऊन बसली. हातात काम असावं म्हणून भारे बांधायचे पेंढ्याचे वेढे वळायला घेतले. "चल, एवढं एक उत्तर लिही. मी इथेच आहे. चुकलं की एक रेघ मारायची आणि पुढचा शब्द."

किती तरी वेळ नुसतीच वही उघडी. मग पेन चाललं. चार ओळी झाल्या, पाच झाल्या, आणि थांबलं. चिमीचा हात पानाच्या कोपऱ्याकडे गेला.

"रेघ," भावना म्हणाली.

"घाण दिसेल."

"दिसेल थोडं."

"मिस ओरडेल."

"कदाचित ओरडेल."

चिमीने आईकडे रागाने बघितलं. नाही गं, कोणी नाही ओरडणार, असं ऐकायची तिला सवय होती. आई खोटं बोलत नाहीये, हे बहुतेक तिला तेव्हा कळलं. मग तिने कंपासपेटीतून पट्टी काढली, शब्दावर ठेवली, आणि पट्टीला धरून एकदम सरळ रेघ मारली. भावनाला हसू आलं, ते तिने पेंढ्यात दडवलं. रेघ मारली होती, पान शाबूत होतं.

बल्ब लागला तेव्हा दीड उत्तर झालं होतं. गयाबाईने वही उचलून फळीवर ठेवली. चिमी रडली, बरंच रडली, पाय आपटले. भावनाने तिच्या मनगटाला खोबरेल तेल चोळलं. पोर बोलत नव्हती, पण हातही काढून घेत नव्हती. त्या संध्याकाळी ती दोन वेळा भात घेऊन जेवली.

रिमार्क आला. डायरीचं अख्खं पान लाल शाईने माखल्यासारखं वाटत होतं, खरं तर दोन ओळी होत्या. चिमीने डायरी आणून चटईवर टाकली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. राजरत्नने ती उचलली. शाळेच्या सगळ्या कागदपत्रांवर तोच सही करायचा, इंग्रजीत, झोकदार. त्याने वाचलं आणि पेन खिशातच ठेवलं.

"मी नाही सही करणार ह्यावर," तो म्हणाला. "एवढी मेहनत आहे पोरीची."

"द्या इकडे," भावना म्हणाली. तिने चिमीचंच पेन घेतलं, मांडी घातली आणि लाल ओळींच्या खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. मराठीत. अक्षर मोठं आलं, ओळीत मावलं नाही, शेवटचं अक्षर समासात गेलं. चिमी भिंतीकडून मान वळवून बघत होती.

"बाहेर गेलं," ती म्हणाली.

"गेलं," भावना म्हणाली आणि डायरी मिटली.

जरा वेळाने भिंतीकडूनच आवाज आला. "वर्गात निम्म्यांना मिळाला."

"काय?"

"रिमार्क. त्या डॉक्टरांच्या सोहमला तर रोज मिळतो. तो डबा खात होता. त्याला काहीच झालं नव्हतं."

"मग तू?"

"मी बाथरूममध्ये रडले. मग बेल झाली. मग पीटीचा तास होता."

एवढंच झालं. एकदम काही बदललं नाही. दुसऱ्या दिवशी तिने गुपचूप एक पान फाडलं आणि स्वतःच येऊन सांगितलं. एकदा बल्बवरून एवढं भांडण झालं की शेजारचे बाहेर आले. पण पट्टी कधीतरी कंपासपेटीतच राहायला लागली. सकाळचे उमासे थांबले. एका सकाळी भावनाच तिला हाका मारून थकली, तेव्हा डोळे न उघडता चिमी म्हणाली, "थांब ना, मजा येतेय." झोपेला मजा म्हणाली. भावना चुलीपाशी जाऊन उगाचच हसत राहिली.

पालकसभेला तिघंही गेली. राजरत्नने पाळी बदलून घेतली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. इरा मिसने वही टेबलावर ठेवली होती; काढली नव्हती. मुख्याध्यापिका टेबलामागून एकेक वही बघत येत होत्या. चिमीच्या वहीशी थांबल्या. पानं उलटली.

"ब्युटिफुल हँडरायटिंग," त्या म्हणाल्या. मग कपाळाला आठी पडली. "पण मध्येच ही खाडाखोड? आणि शेवटचे धडे कुठायत?"

आजूबाजूचे पालक वळले. राजरत्नच्या मानेवर घाम दिसायला लागला. कंपनीत सुपरवायझरसमोर उभा राहतो तसा तो उभा राहिला, हात पुढे बांधून.

"ती पूर्ण करेल, मॅडम," तो घाईने म्हणाला. "घरी कापणी होती, त्यामुळे जरा—"

"कापणीमुळे नाही," चिमी म्हणाली.

भावनाचा हात पोरीच्या खांद्याकडे गेला आणि मध्येच थांबला. तिने तो मागे घेतला.

"मग?" मुख्याध्यापिकांनी चष्म्यावरून बघितलं.

"मला झोप आली होती," चिमी म्हणाली. आवाज बारीक होता, पण थरथरत नव्हता. "म्हणून मी झोपले."

हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. मुख्याध्यापिका हसल्या नाहीत. "सुट्टीत सगळं कम्प्लीट करून आणायचं."

चिमीने बापाकडे बघितलं. राजरत्न मुलीकडे बघत होता. जणू ती उंच झाली आहे आणि आपल्या लक्षातच आलं नव्हतं, असं. बांधलेले हात त्याने सोडले.

"होईल तेवढं करेल, मॅडम," तो म्हणाला. "सुट्टी आहे तिची." आणि त्याने वही टेबलावरच राहू दिली, उघडी, खाडाखोडीच्या पानावर.

घरी आले तेव्हा अंगणात ताडपत्री पसरून गयाबाईने झोडणीला सुरुवात केली होती. ऊन कडक पडलं होतं. तिरप्या फळीवर ती पेंढी आपटत होती, दाणे सरसर खाली पडत होते.

"काय म्हनाली बाई?" तिने विचारलं.

भावना सांगणार होती, पण चिमीने दप्तर पडवीत भिरकावलं. "सुट्टी लागली, आजी!"

युनिफॉर्मसकट ती ताडपत्रीवर चढली, आपल्यापेक्षा मोठी पेंढी कवेत घेतली, डोक्यावर नेली आणि सगळ्या अंगाचा जोर काढून फळीवर आपटली. दाणे चहूकडे उधळले. ताडपत्रीबाहेर, गवतात, राजरत्नच्या इस्त्रीच्या शर्टावर, गयाबाईच्या केसांत.

"अगं भवाने, हलू! बाहेर उडतंय सगलं!"

"उडू दे!" चिमी ओरडली आणि तीच पेंढी परत वर नेली.